वरातीमागून घोडं : बाबांशी राहून गेलेलं एक बोलणं

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं शक्यतो तसंच ठेवलं आहे.)

'हे जरा आधी कळलं असतं तर' या मालिकेत आत्तापर्यंत बचत झाली, व्यायाम झाला, 'नाही' म्हणायला शिकणं झालं. दर वेळी मी दुसऱ्यांना बोलतं करत होतो. आज माझी पाळी. आज पाहुणे नाहीत, मी एकटाच आहे, आणि विषय असा आहे की आमच्या घरात तो निघाला की कोणीतरी लगेच म्हणायचं, "शुभ बोल रे नाऱ्या!"

विषय आहे आईवडिलांशी त्यांच्या मागे काय, याबद्दल बोलण्याचा. इच्छापत्र, नॉमिनी, घर, आजारपण, सगळं. मला हे कळलं तेव्हा मी ४४ वर्षांचा होतो आणि ज्यांच्याशी बोलायचं ते बाबा गेलेले होते. म्हणजे वरातीमागून घोडं.

बाबांनी हाक मारली होती

आधी माझी चूक सांगतो. बाबा जायच्या साधारण दोन वर्षं आधीची गोष्ट. रविवार होता. बाबा लोखंडी कपाटातून हिरव्या रेक्झिनची फाइल घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "जरा बस रे दहा मिनिटं, तुला हे कागद दाखवून ठेवतो."

मी काय म्हणालो असेन? "बाबा, आत्ता कशाला हे? तुम्हाला काही होत नाही." आणि हसलो. बाबाही हसले. फाइल परत कपाटात गेली.

त्या वेळी मला वाटलं, मी किती चांगला मुलगा! वडिलांच्या जाण्याचा विषयसुद्धा नको म्हणतोय. आज विचार करतो तेव्हा दिसतं, की तो आदर नव्हता. ती भीती होती, आणि तिला मी प्रेमाचं नाव दिलं होतं. बाबांना बोलायचं होतं. दार मीच लावलं.

२०२१ च्या पावसाळ्यात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. पाच दिवस अतिदक्षता विभागात होते, मग गेले. वय ७२. मागे आई, ताई, मी आणि बाबांची आई, म्हणजे आमची आजी. ती तेव्हा ९१ वर्षांची होती. आजीचं नाव लक्षात ठेवा, ती पुढे या गोष्टीत फार महत्त्वाची आहे.

'नॉमिनी मी आहे' हे वाक्य

तेराव्यानंतर फाइल उघडली. बँकेच्या ठेवींवर नॉमिनी म्हणून माझं नाव. सोसायटीच्या फॉर्मवरही माझंच. बँकेत गेलो तर काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "नॉमिनी तुम्हीच ना, मग प्रश्नच नाही, पैसे तुमचे." मी घरी येऊन ताईला हेच सांगितलं, अगदी सहज. "बाबांनी सगळीकडे माझं नाव लावलंय गं."

ताई काही बोलली नाही. त्या संध्याकाळी ती नाशिकला परत गेली आणि पुढचे तीन आठवडे तिचा फोन रोजच्यासारखा आला नाही. मला कारण कळलं नाही. तिला वाटलं होतं, बाबांनी मला वेगळं धरलं. आणि खरं सांगू? आतून मलाही थोडं तसंच वाटलं होतं, आणि ते आवडलंही होतं. हे कबूल करायला मला बराच वेळ लागला.

मग एका वकील बाईंकडे गेलो. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत आमचा गैरसमज काढला. त्या म्हणाल्या, "नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेऊन वारसांना पोचवणारा माणूस."

हे नीट समजून घेऊ, कारण निम्मी भांडणं इथेच सुरू होतात. आपण बँकेत नॉमिनी देतो तेव्हा बँकेला एवढंच सांगतो की, माझ्यानंतर पैसे या माणसाच्या हातात द्या. बँकेची जबाबदारी तिथे संपते. ते पैसे कोणाचे, हे ठरतं इच्छापत्रावरून. इच्छापत्र नसेल तर वारसा कायद्यावरून. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत हे १९८४ सालीच सांगितलं होतं, आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. विम्याच्या कायद्यात २०१५ साली बदल होऊन पती, पत्नी, आईवडील, मुलं यांना नॉमिनी केलं तर त्यांना लाभार्थी मानायची तरतूद आली, पण तिचा अर्थ काय लावायचा यावरही न्यायालयांत वाद झालेले आहेत. म्हणून विम्याचा प्रश्न असेल तर वकिलाला वेगळा विचारा.

सोसायटीचंही तसंच. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ साली कायद्यात जे बदल झाले, त्यात नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेतात. खरे वारस नोंदले जाईपर्यंत. भागपत्रावर नाव चढलं म्हणून घर आपलं झालं, असं नाही.

मी त्या रात्री ताईला फोन केला आणि म्हणालो, "माझं चुकलं. नाव माझं असलं तरी ते बाबांनी मला दिलेलं नाहीये. तुझंही तितकंच आहे." पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "मला पैशाचं काही नव्हतं रे. मला वाटलं, बाबांनी मला मोजलंच नाही."

बघा, प्रश्न ठेवपावतीचा नव्हताच. बाबांच्या मनात काय होतं, हे कोणाला माहीत नव्हतं, हा प्रश्न होता.

चार वारस, आणि चौथं नाव कोणी धरलंच नव्हतं

आता पुढचं. बाबांचं इच्छापत्र नव्हतं. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ सालचा आहे आणि तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू होतो. त्यानुसार पुरुष इच्छापत्र न करता गेला, तर त्याच्या स्वतःच्या कमाईच्या मालमत्तेचे पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे मुलगे, मुली, पत्नी आणि आई. सगळ्यांना सारखा वाटा.

आई. म्हणजे बाबांची आई. आमची आजी.

आमच्यापैकी कोणालाच हे ठाऊक नव्हतं. आपण धरून चालतो की नवरा गेला की घर बायकोचं. तसं नाही. पुण्यातला आमचा तो दोन खोल्यांचा फ्लॅट, ज्याचे हप्ते बाबांनी पंधरा वर्षं फेडले, तो कायद्याने चौघांचा झाला : आईचा पाव, ताईचा पाव, माझा पाव आणि आजीचा पाव.

वकील बाईंनी तेव्हाच सुचवलं होतं. "घर आईंच्या नावावर करायचं असेल तर तुम्ही दोघं आणि आजी, तिघं मिळून हक्कसोडपत्र नोंदवून टाका. आजींचं वय बघता उशीर करू नका."

आणि इथे मी तीच चूक दुसऱ्यांदा केली. ज्या बाईचा मुलगा आत्ताच गेलाय, तिला सांगायचं की आजी, तुझ्या लेकाच्या घरातला वाटा सोड, इथे सही कर? माझी जीभ उचलेना. ताई म्हणाली, "वर्षश्राद्ध होऊ दे." वर्षश्राद्ध झालं. मग दिवाळी आली. बाबांना जाऊन पंधरा महिने झाले आणि आजीही गेली. तिनेही अर्थातच काही लिहून ठेवलं नव्हतं.

आता हिशेब ऐका. आजीचा पाव वाटा तिच्या मुलांकडे गेला. तिची मुलं तीन : आमचे बाबा, काका आणि आत्या. बाबा आधी गेलेले, म्हणून त्यांच्या वाट्यावर मी आणि ताई. म्हणजे काका आणि आत्या आमच्या फ्लॅटचे प्रत्येकी एक बारांश मालक झाले. ज्या घरात आई चाळीस वर्षं स्वयंपाक करत होती, त्या घराच्या कागदावर आता नागपूरच्या दिरांच्या आणि इंदूरच्या नणंदेच्या सह्या लागणार होत्या.

काका लगेच आले, सही करून गेले. आत्याकडे आठ महिने लागले. इथे कोणी वाईट नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. तिच्या मुलाने विचारलं, "मामी घर विकणार आहेत का? हक्क सोडल्यावर काय?" प्रश्न रास्त होते. आत्या मात्र दुखावली ती वेगळ्याच गोष्टीने. मला म्हणाली, "अरे, मला तुमचं घर नको. पण दादा गेला, आई गेली, आणि तू मला पहिला फोन करतोस तो कागदासाठी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गाडी पकडून इंदूरला गेलो, दोन दिवस राहिलो, बाबांच्या लहानपणीच्या गोष्टी ऐकल्या. सही नंतर झाली. जे मी पुण्यात आजीपाशी बसून एका दुपारी करू शकलो असतो, त्याला हे सगळं लागलं.

डायरीतलं एक पान

याच काळात फाइलच्या तळाशी बाबांची जुनी डायरी सापडली. रद्दीवाल्याचे हिशेब, गॅसचे नंबर आणि मधेच एक पान : "फ्लॅट हिच्या नावे. बाकी दोघांना सारखं. आईचं औषधपाणी आधी."

बस, तीन ओळी. आम्ही दोन वर्षं ज्यासाठी धडपडत होतो ते सगळं त्यात होतं. फक्त खाली सही नव्हती आणि साक्षीदार नव्हते. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा. त्यानुसार इच्छापत्रावर करणाऱ्याची सही लागते आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. एवढंच. स्टँप पेपर लागत नाही. साधा कागद चालतो, हाताने लिहिलेलं चालतं. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. म्हणजे त्या रविवारी मी दहा मिनिटं बसलो असतो आणि शेजारच्या दोघांना बोलावलं असतं, तर त्या तीन ओळींचं इच्छापत्र झालं असतं.

आम्ही शेवटी त्या पानाप्रमाणेच केलं. घर आईच्या नावावर, बाकी दोघांत सारखं. पण ते आम्ही केलं म्हणून झालं, बाबांनी लिहिलं म्हणून नाही. एखाद्या घरात कोणी अडून बसलं असतं तर त्या पानाला किंमत नव्हती.

दवाखान्यातला प्रश्न

अजून एक गोष्ट आहे, तिच्यावर मी थोडकंच बोलेन कारण अजूनही जड जातं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "व्हेंटिलेटरवर ठेवायचं का? त्यांची स्वतःची काय इच्छा होती?" ताई म्हणाली नको. मी म्हणालो ठेवा. त्याच क्षणी, एकाच कॉरिडॉरमध्ये. दोघांनाही माहीत नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये असं आगाऊ लिहून ठेवण्याला मान्यता दिली. म्हणजे बरं होण्याची आशा नसेल तेव्हा मला कुठले उपचार नकोत, आणि माझ्या वतीने कोणी बोलायचं. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही. लोक याला लिव्हिंग विल म्हणतात. पण कागद पुढची गोष्ट. नुसतं तोंडाने जरी बाबांनी कधी सांगितलेलं असतं, तरी ताई आणि मी त्या कॉरिडॉरमध्ये एका बाजूला उभे असतो.

मग सुरुवात कशी करायची?

हे ऐकून तुम्ही म्हणाल, पटलं, पण आईबाबांसमोर तोंड कसं उघडायचं? "तुमचं इच्छापत्र केलंत का?" हा प्रश्न कसाही विचारला तरी त्याला हावरटपणाचा वास येतो. मला उशिरा सापडलेला मार्ग सांगतो.

स्वतःपासून सुरुवात करायची. मी आईला म्हणालो, "आई, मी माझं इच्छापत्र करतोय. लेक अजून लहान आहे, मला काही झालं तर गोंधळ नको. जरा बसतेस का माझ्याबरोबर?" आई आधी ओरडलीच, "अभद्र काही बोलू नकोस!" पण बसली. माझी यादी वाचता वाचता तिनेच मधे थांबवलं. "माझ्या बांगड्या तुझ्या ताईला द्यायच्यात. आणि मला नळ्याबिळ्या लावून ठेवायचं नाही हं." जे विचारायला मी घाबरत होतो ते तिने भाजी निवडता निवडता सांगून टाकलं. तिचंही बहुतेक कितीतरी दिवसांचं थांबलेलं होतं.

तर बसाल तेव्हा एवढं बघा :

१. काय कुठे आहे. खाती, ठेवी, विमा, घराचे कागद, लॉकर, कर्जं, कोणाला दिलेले उसने पैसे. एका वहीत, आणि ती वही कुठे आहे हे दोघांना माहीत. जुन्या विसरलेल्या ठेवी असतील तर रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल २०२३ पासून आहे, त्यावर अनेक बँकांमधल्या बेवारस ठेवी एकत्र शोधता येतात. दहा वर्षं हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते, पण बुडत नाही. वारस नंतरही मागू शकतात.

२. घरखर्चाचं खाते. आमच्याकडे ते एकट्या बाबांच्या नावावर होतं. ते गेल्यावर आईकडे किराण्याला पैसे नव्हते, माझ्याकडून घ्यावे लागले. चाळीस वर्षं घर चालवलेल्या बाईला ते फार लागलं. खाते दोघांच्या नावावर आणि 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशा पद्धतीचं असेल, तर ही वेळ येत नाही.

३. नॉमिनी. जुने फॉर्म तपासा. लग्नाआधी भरलेले असतात, त्यावरची माणसंही कधी गेलेली असतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. आणि नॉमिनी कोणाला केलंय व का केलंय, ते सगळ्यांना सांगा. माझं नाव बाबांनी का लावलं होतं, माहितीये? आईने नंतर सांगितलं. फॉर्म भरला त्या दिवशी बँकेत त्यांच्याबरोबर मी होतो. बस.

४. इच्छापत्र. साक्षीदार शक्यतो वयाने लहान निवडा, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. बदलावंसं वाटलं तर कधीही बदलता येतं, शेवटचं ग्राह्य धरतात. आई, आजी हयात असतील तर त्यांचा विचार आधी.

५. आजारपणात काय हवं, काय नको. हे सगळ्यांत अवघड, पण एकदा सुरू झालं की सगळ्यांत सोपं.

एक सूचना. मी सांगितलेलं वाटपाचं गणित आमच्या घराचं आहे. ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांना १९२५ चा कायदा आहे, मुस्लिमांना त्यांचा व्यक्तिगत कायदा, ज्यात इच्छापत्राने साधारणपणे एक तृतीयांशच देता येतं. गोव्यात तर धर्म कोणताही असो, नियम वेगळे आहेत, तिथे मुलाबाळांचा ठराविक वाटा इच्छापत्रानेही काढून घेता येत नाही. म्हणून एकदा वकिलाकडे जाच. मी काही वकील नाही, उशिरा शहाणा झालेला मुलगा आहे.

शेवटी

लोक विचारतात, यातून काय शिकलास? कायदा शिकलो, ते ठीकच. पण खरं शिकलो ते हे, की अवघड विषय टाळल्याने कोणाचं दुःख वाचत नाही. ते फक्त पुढे ढकललं जातं, आणि ज्याला त्या वेळी आधीच रडू आवरत नाही त्याच्या अंगावर पडतं. आपल्या घरातलं कोणी फाइल घेऊन समोर आलं, तर त्याने स्वतःची भीती आधीच ओलांडलेली असते. आपण फक्त बसायचं असतं.

माझी लेक आता पंधरा वर्षांची आहे. परवा मी वही काढली आणि म्हटलं, "जरा बस गं दहा मिनिटं." ती म्हणाली, "बाबा, आत्ता कशाला?" अगदी माझाच सूर. मी हसलो नाही आणि वहीही परत कपाटात ठेवली नाही. म्हटलं, "आत्ताच. चहा ठेव, मग बसू."

चहा झाला. ती बसली. दहा मिनिटांचा तास झाला आणि त्यातली पाऊण तास ती आजोबांबद्दलच विचारत होती.

तुम्हीही या रविवारी बसा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.